डायलिसिस कॅथेटरचं लॉक बदलण्याआधी, तो कोण उघडतं ते बघा

प्रश्न एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या आयसीयू इन्चार्ज सिस्टरचा आहे. दहा खाटांचं आयसीयू, डायलिसिसचं मशीन खालच्या मजल्यावरून वर येतं, टेक्निशियनही तिथलाच. महिन्याभरात तीन पेशंटना डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप आला, त्यातल्या दोघांच्या रक्तात जंतू वाढले. डायलिसिस चालू नसताना कॅथेटरच्या नळ्यांत जे औषध भरून ठेवतात ते लॉक. आता व्यवस्थापन विचारतंय की हेपरिनऐवजी (रक्त गोठू न देणारं औषध) टॉरोलिडिनचं (जंतू मारणारं औषध) लॉक आणायचं का, आणि दर सात दिवसांनी कॅथेटर बदलायचा नियम करायचा का.

सिस्टर, माझं उत्तर सध्या दोन्हींना नाही असं आहे. पण नुसतं नाही म्हणून तुमचं भागणार नाही, कारण व्यवस्थापनाला पर्याय द्यावा लागेल. तुमची खरी अडचण लॉकच्या बाटलीत नसावी. ती बहुधा अशी आहे की तुमच्या आयसीयूत या कॅथेटरला मालक नाही. ड्रेसिंग सुटलं की आयसीयूच्या सिस्टरला वाटतं, हे टेक्निशियन बघेल. टेक्निशियनला वाटतं, आपण मशीन लावायला आलो, ड्रेसिंग वॉर्डचं काम. किडनीचे डॉक्टर दिवसातून एकदा येतात आणि क्रिएटिनिन बघून जातात. मी जिथे जिथे असा ताप वाढलेला पाहिला, तिथे बहुतेक वेळा हेच चित्र होतं.

पण आधी पाण्याची शंका दूर करा. डायलिसिस सुरू झाल्यावर तासाभरात हुडहुडी भरली म्हणजे दोष कॅथेटरचाच, असं धरून चालू नका. कॅथेटरच्या आत जंतूंचा थर बसला असेल तर पंप सुरू होताच ते रक्तात ढकलले जातात, हे खरं. पण पाणी खराब असलं तरी अशीच थंडी वाजते. आयसीयूत फिरवायचा जो छोटा आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं यंत्र, असतो, त्याचा पाइप दोन डायलिसिसच्या मधे कुठे असतो ते जाऊन बघा. पुष्कळदा तो वेटोळं करून कोपऱ्यात टाकलेला असतो, आत पाणी साचलेलं, टोक फरशीवर. डायलिसिसच्या पाण्यात दर मिलिलिटरमागे जंतूंच्या १०० पेक्षा कमी वसाहती आणि ०.२५ युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) असावं असा मान्य निकष आहे. तुमच्या फिरत्या आरओची तपासणी शेवटची कधी झाली? खालच्या युनिटच्या मोठ्या प्लांटचा रिपोर्ट फाइलला असतो, फिरत्याचा सहसा नसतो.

दोघांच्या रक्तात कोणते जंतू वाढले हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस असेल तर हात, त्वचा आणि कॅथेटरची तोंडं यांच्याकडे बघायचं. क्लेबसिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर असेल तर आयसीयूतल्या हातांचा आणि पृष्ठभागांचा विचार करायचा. आपल्याकडच्या आयसीयूंत हे ग्राम निगेटिव्ह जंतू भरपूर सापडतात, म्हणून परदेशी पुस्तकातली यादी जशीच्या तशी लावू नये. बर्खोल्डेरिया किंवा स्यूडोमोनास दोघांमध्ये सारखाच निघाला तर संशय ओल्या गोष्टींवर जातो: पाणी, सगळ्यांसाठी वापरलेली हेपरिनची व्हायल, जंतुनाशकाची पुन्हा पुन्हा भरलेली बाटली. हो, जंतुनाशकातही जंतू वाढतात, बर्खोल्डेरिया त्यासाठी कुप्रसिद्धच आहे.

कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी, घेताना कॅथेटरमधून आणि हाताच्या शिरेतून, एकाच वेळी, सारख्या प्रमाणात रक्त घ्या आणि बाटल्यांवर तसं लिहा. कॅथेटरमधलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झालं तर उगम कॅथेटरमध्ये आहे असं मानतात. नुसतं कॅथेटरचं टोक कापून लॅबला पाठवायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. सोबत रक्ताचं कल्चर नसेल तर त्या टोकावरून काहीच ठरत नाही, उलट नको त्या जंतूसाठी अँटिबायोटिक सुरू होतं.

आता मालकीकडे येतो. आयसीयूतला पेशंट आणि आठवड्यातून तीनदा चालत येऊन डायलिसिस करून घेणारा पेशंट यांच्यात मोठा फरक आहे. चालत येणाऱ्याचा कॅथेटर एकच टीम उघडते, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. आयसीयूत रोज सहा-आठ तासांचं स्लेड, म्हणजे संथ गतीचं डायलिसिस, चालतं, मधेच बीपी पडतं, मशीन थांबवावं लागतं, पेशंटला सीटी स्कॅनला न्यायचं असतं, सर्किट गोठतं. दर वेळी कॅथेटर उघडतो. आणि उघडणारे हात बदलत असतात. बऱ्याच छोट्या रुग्णालयांत टेक्निशियन रात्री मशीन लावून घरी जातो, आणि पहाटे जी सिस्टर जागी असेल ती बंद करते. तिला कुणी शिकवलेलं नसतं, पण वेळ येते तेव्हा ती करते. तुमच्याकडे मशीन लावतं कोण हे सगळ्यांना माहीत असेल. बंद कोण करतं हे एक आठवडा लिहून काढा. वही भरल्यावर तुम्हालाच नवल वाटेल.

माझ्याकडे वाटणी अशी आहे. कॅथेटरची दोन तोंडं डायलिसिसवाल्यांची. कॅप दुसऱ्या कुणी काढायची नाही. त्वचेतून बाहेर येण्याची जागा आणि ड्रेसिंग आयसीयूच्या सिस्टरचं. प्रत्येक पाळीत ती बघते आणि चार्टवर लिहिते. आणि आज याची गरज आहे का, हा प्रश्न रोज सकाळच्या राउंडला विचारायची जबाबदारी आयसीयूच्या डॉक्टरची. रात्री टेक्निशियन थांबत नसेल तर प्रत्येक पाळीत किमान एका सिस्टरला कॅथेटर बंद करायला नीट शिकवा, समोर करून घ्या, आणि पाळीपत्रकावर तिचं नाव लिहा. मनुष्यबळ कमी असेल तर वाटणी वेगळी होईल, त्याला माझी हरकत नाही. नाव असलं पाहिजे, एवढंच.

या कॅथेटरमधून सलाईन, अँटिबायोटिक, रक्त काढणं, काही नाही. तिसरी बारीक नळी असलेला कॅथेटर असेल तर मोह फार होतो, आणि घाईत बीपी वाढवायचं नोरॲड्रिनॅलिन तिथेच जोडलं जातं. हृदय बंद पडलंय आणि दुसरी लाइन नाही, तर जरूर वापरा, तिथे नियम सांगत बसायचं नाही. पण नंतर दुसरी लाइन टाकली की लगेच ती नळी मोकळी करा. आम्ही नळीवर लाल पट्टी लावतो, वर मोठ्या अक्षरांत ‘फक्त डायलिसिस’.

उघडण्या-बंद करण्याचं काम अगदी जवळ उभं राहून बघा, कारण चार्टवर सगळं ठीकच असतं. पेशंटचं तोंड दुसरीकडे वळवलं का, मास्क दोघांनाही आहे का? हात धुतले, ग्लोव्हज घातले, आणि मग त्याच ग्लोव्हजने मशीनचा अलार्म बंद केला का? हे सगळ्यात जास्त घडतं. कॅप काढण्याआधी क्लॅम्प बंद हवा. कॅप काढल्यावर त्या तोंडाच्या आट्या क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलच्या किंवा स्पिरिटच्या पॅडने पंधरा सेकंद तरी घासायच्या, नुसतं पुसायचं नाही, आणि वाळू द्यायचं. काही जुन्या बनावटीच्या कॅथेटरना अल्कोहोल चालत नाही, नळीला भेगा जातात. म्हणून पाकिटावरची सूचना एकदा वाचून ठेवा आणि तिथे बीटाडिन वापरत असाल तर ते पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओलं बीटाडिन म्हणजे नुसता रंग.

काढलेली कॅप कुठे जाते तेही बघा. बीटाडिनच्या वाटीत बुडवून ठेवायची आणि तीच परत लावायची, ही पद्धत मी अजूनही पाहतो. वाटी सकाळी भरलेली असते, दोन-तीन पेशंटच्या कॅपा तिच्यात बुडून निघतात. नवी निर्जंतुक कॅप काही रुपयांत येते. इथे पैसे वाचवून लॉकवर खर्च करण्यात काही अर्थ नाही.

हेपरिनचंही तसंच. पाच मिलीची व्हायल, पंचवीस हजार युनिटची, एका पेशंटला थोडीच लागते, म्हणून उरलेली दुसऱ्याला. आणि ती पातळ करायला सलाईनची एकच बाटली दिवसभर स्टँडला, रबरात एक सुई कायमची खोचलेली, हवा जायला दुसरी. एका बाटलीतून तिघांना ताप येऊ शकतो. व्हायल एका पेशंटची, बाटली एका वेळची. खर्च वाढेल, पण एका जंतुसंसर्गाच्या अँटिबायोटिकच्या बिलापुढे तो किरकोळ आहे.

कॅथेटर टाकतानाची काळजी बहुतेकांना तोंडपाठ असते, म्हणून थोडक्यात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी पाळल्या: हात धुणं, टोपी-मास्क-गाऊन-मोठा ड्रेप, क्लोरहेक्सिडिन, शक्यतो जांघ टाळणं, आणि नको असलेली लाइन काढणं. २००६ साली त्यांचे आकडे आले. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस कॅथेटर म्हणजे एक कॅथेटर-दिवस) रक्तातल्या संसर्गांचा मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला आणि पुढे तसाच राहिला. औषध नवीन नव्हतं. सिस्टरला डॉक्टरला थांबवायचा अधिकार दिला होता, आणि मला वाटतं निम्मं काम त्यानंच झालं. तुमच्या व्यवस्थापनाकडून काही मागायचंच असेल तर आधी हा अधिकार लेखी मागा.

जांघ टाळा हा सल्ला मात्र डायलिसिसच्या कॅथेटरला सरसकट लागू पडत नाही, इथे थोडं थांबतो. फ्रान्समधल्या १२ आयसीयूंत ७५० पेशंटवर मान आणि जांघ यांची थेट तुलना झाली, २००८ साली प्रसिद्ध झाली. सगळे मिळून पाहिलं तर कॅथेटरवर जंतू बसण्यात फरक नव्हता. पण अंगकाठीप्रमाणे फरक पडला: बॉडी मास इंडेक्स २८.४ च्या वर असेल तर जांघेत जंतू जास्त, आणि २४.२ च्या खाली असेल तर उलट मानेतच जास्त. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो होऊन किंवा घोणस चावून किडनी बंद पडलेला जो शेतकरी येतो, तो सहसा सडपातळच असतो. त्याच्या गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी पाडलेलं छिद्र) असेल आणि कफ मानेवर ओघळत असेल, तर मी उजव्या जांघेला संकोच करत नाही. लठ्ठ पेशंट, पोटाची घडी जांघेवर, जुलाब चालू, तिथे मान. किडनीच्या आजारांवरच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांचा क्रम उजवी मान, मग जांघ, मग डावी मान, आणि गळपट्टीच्या हाडाखालची शीर सगळ्यात शेवटी असा आहे. तिथे कॅथेटर टाकला की पुढे ती शीर अरुंद होऊ शकते आणि ज्याला कायमचं डायलिसिस लागेल त्याचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, अडचणीत येतो. पेशंट समोर बघून या क्रमात बदल करायला वाव आहे.

घोणशीच्या पेशंटबद्दल एक वेगळी गोष्ट. त्याचं रक्त गोठत नसतं, त्यामुळे टाकलेल्या जागेतून दिवस-दोन दिवस रक्त झिरपत राहतं. पारदर्शक ड्रेसिंगखाली ते रक्त साचतं, आणि उबदार, ओलं रक्त जंतूंना फार मानवतं. झिरपणं थांबेपर्यंत तिथे निर्जंतुक गॉज ठेवा आणि भिजलं की लगेच बदला, दोन दिवसांची वाट बघू नका. झिरपणं थांबल्यावर पारदर्शक ड्रेसिंग, क्लोरहेक्सिडिन जेलचं मिळालं तर उत्तम. ते कडा सुटली नाही तर सात दिवस चालतं. अशा पेशंटला कॅथेटर अशाच ठिकाणी टाकायचा जिथे वरून दाबता येईल, आणि सोनोग्राफीखालीच, म्हणजे टोचण्या कमी होतात.

जांघेत टाकायचं ठरलं तर केस ब्लेडने काढू नका, त्वचेला बारीक जखमा होतात. क्लिपर किंवा कात्री. ओलसर जागा असल्याने क्लोरहेक्सिडिनने दोन मिनिटं घासा आणि वाळू द्या. आणि लांबी बघा. मानेसाठी आणलेला १३ सेंटिमीटरचा कॅथेटर हाताशी होता म्हणून जांघेत टाकला, असं होतं. जांघेत १९ ते २४ सेंटिमीटर लागतो. आखूड असला की रक्त नीट ओढलं जात नाही, मशीन ओरडतं, टेक्निशियन नळ्या उलटसुलट जोडून बघतो, सिरिंजने फ्लश करतो, पुन्हा जोडतो. एका रात्रीत चार-पाच वेळा तोंडं उघडली. चार दिवसांनी ताप येतो आणि सगळे म्हणतात, जांघच वाईट. तुमच्या तिन्ही पेशंटच्या डायलिसिस नोंदींत रक्ताचा वेग किती मिळाला होता तो काढून बघा.

आता सात दिवसांचा नियम. ठरावीक दिवसांनी कॅथेटर बदलल्याने संसर्ग कमी होत नाही. प्रत्येक नवी टोचणी नव्या धोक्यासह येते, आणि जुन्यातून तार घालून त्या गाइडवायरवरून बदलला तर त्याच वाटेनं, त्याच जंतूंतून नवा कॅथेटर आत जातो. बदलायचा तो कारणानं. एक कारण तर हमखास विसरलं जातं. रात्री धावपळीत, अर्ध्या ड्रेपवर, निर्जंतुकपणाची खात्री नसताना टाकलेला कॅथेटर दोन दिवसांच्या आत काढून नव्या जागी नीट टाकावा. म्हणून टाकण्याच्या नोंदीत ‘पूर्ण काळजी घेऊन’ की ‘घाईत’ हे लिहायची सोय करा. आणि दोन आठवड्यांच्या पुढे डायलिसिस लागणार असं दिसलं तर तात्पुरता कॅथेटर ओढत न राहता, रक्तात जंतू नसल्याची खात्री करून, त्वचेखालून बोगदा केलेला, नळीभोवती पट्टा (इंग्रजीत ‘कफ’) असलेला कॅथेटर टाकायचा.

त्याहून मोठा फायदा लवकर काढण्यात आहे. लघवी दिवसाला चारशे-पाचशे मिलीच्या वर स्वतःहून व्हायला लागली की मी डायलिसिस लांबवून बघतो. इथे एक मानवी अडचण येते: ‘राहू दे, उद्या लागला तर?’ नातेवाइकांनाही पुन्हा टोचणं नको असतं. पेशंट बघूनच ठरवावं लागतं. रक्त गोठत नाही, शीर मिळायला त्रास झाला होता, तर एखादा दिवस थांबणं समजण्यासारखं आहे. पण शनिवार-रविवार आहे म्हणून कॅथेटर सोमवारपर्यंत राहिला, हे कारण चालणार नाही. काढताना पेशंट आडवा, डोकं खाली, आणि जागा लगेच हवाबंद. मानेच्या कॅथेटरला हे विसरू नका, हवा आत ओढली जाऊ शकते.

राहिलं लॉक. हेपरिन आणि टॉरोलिडिन एकत्र असलेल्या लॉकला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि चाचणीत संसर्ग ठळक कमी झाला, हे बरोबर. पण ती मान्यता कायमचं डायलिसिस चालू असलेल्या प्रौढांसाठी आहे. त्यांच्या कॅथेटरमध्ये लॉक दोन-दोन दिवस बसून राहतं. तुमच्या पेशंटचं स्लेड रोज चालतं. लॉकला काम करायला वेळ मिळतो तो मधल्या काही तासांचा. चोवीस तासांचं डायलिसिस असेल तर लॉक आत नसतंच. फ्रान्समध्ये १६ आयसीयूंत ६० टक्के अल्कोहोल दोन मिनिटं भरून पाहिलं, संसर्ग कमी झाला नाही. जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक भरणं मी आयसीयूत टाळतो, केडिगोचाही सल्ला तोच आहे. कानावर परिणाम होऊ शकतो आणि दाद न देणारे जंतू वाढतात. तोंडं नीट हाताळूनही एखाद्या पेशंटला पुन्हा पुन्हा संसर्ग होतोय, दुसरी शीर उरलेली नाही, तिथे टॉरोलिडिनचा विचार मी करीन. सगळ्यांसाठी नाही.

साधं हेपरिन भरत असाल तर नळीच्या क्लॅम्पवर किंवा नळीवर छापलेलं प्रमाण बघून तेवढंच भरा. मिलीला पाच हजार युनिटचं हेपरिन दोन्ही बाजूंत मिळून अडीच मिली गेलं तर साडेबारा हजार युनिट होतात, आणि त्यातलं थोडं रक्तात झिरपतंच. मिलीला हजार युनिटचं पुरतं. पुढच्या वेळी सुरू करताना आधी ते ओढून टाकायचं. ओढलं जात नसेल तर आत ढकलायचं नाही.

आकडे ठेवा, पण त्यांना घाबरू नका. रोज ठरलेल्या वेळी किती पेशंटना डायलिसिस कॅथेटर आहे ते मोजा, महिन्याची बेरीज म्हणजे कॅथेटर-दिवस. संसर्ग भागिले दिवस गुणिले हजार. तुमच्याकडे महिन्याला साठ दिवस भरले आणि एकच संसर्ग झाला तरी आकडा १६.७ येतो, पुढच्या महिन्यात शून्य. एवढ्या छोट्या आयसीयूत महिन्याच्या आकड्यावरून कुणाला दोष किंवा शाबासकी देता येत नाही. सहा महिन्यांचे एकत्र बघा. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा अचानक जाऊन उघडणं-बंद करणं बघितलं तर जास्त कळतं.

व्यवस्थापनाला सांगा की लॉकचे पैसे आत्ता नव्या कॅपा, एकेका पेशंटपुरत्या व्हायल, जांघेसाठी लांब कॅथेटर आणि फिरत्या आरओची पाणी तपासणी यांवर घाला. आणि पाण्याचा रिपोर्ट व त्या दोन कल्चरमधल्या जंतूंची नावं हाती आली की मला कळवा. दोन्हींत बर्खोल्डेरिया किंवा स्यूडोमोनाससारखा एकच जंतू निघाला तर कॅथेटर बाजूला ठेवून आपल्याला आधी पाइप आणि बाटल्या तपासाव्या लागतील.